नवी खूणभाषा शिकावी का? तांत्रिक लेखकांशी थोडे बोलणे



अमरावतीहून अकोल्याला यायचे म्हणजे आम्हाला प्रवास वाटतच नाही. मूर्तिजापूर मागे पडले की दोन्ही बाजूंची वावरं ओळखीची दिसू लागतात. आज मात्र थोडी धाकधूक होती. आम्ही आयुष्यभर वर्गात तत्त्वज्ञान शिकवले. समोर बसलेले तुम्ही लोक शेतीच्या पुस्तिका, औषधांची माहितीपत्रके, पंप-मोटारींच्या सूचना लिहिणारे. तुमच्या कामात चूक झाली तर कास्तकाराचा हंगाम जातो. आमच्या कामात चूक झाली तर फार तर विद्यार्थ्याचे दोन गुण जातात.

आम्हाला दिलेला प्रश्न असा आहे: तांत्रिक लेखन करणाऱ्यांनी नेहमीची वर्डची सवय सोडून मार्कडाउन, ॲस्किडॉक, डिटा अशी एखादी नवी मार्कअप भाषा घ्यावी का? आम्ही संयोजकांना म्हटले, "बावा, हे तत्त्वज्ञानवाल्याला काहून विचारता?" ते म्हणाले, "सर, कसे करायचे ते संगणकवाले सांगतात. करावे का, हे कोणीच सांगत नाही."

मग आम्ही सहा महिने या विषयाचे वाचले, दोन-तीन भाषा हाताने लिहून पाहिल्या. जे हाती लागले ते सांगतो.

एक टिंब हरवले त्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमचा एक पुतण्या घरी आला. दर्यापूरकडे त्याची शेती आहे. त्याने टेबलावर एकाच माहितीपत्रकाच्या दोन प्रती ठेवल्या. एक जुनी, छापील, घडी पडलेली. दुसरी मोबाइलवर आलेली. छापील कागदावर होते, १० लिटर पाण्यात २.५ मिली औषध. मोबाइलवर होते, १० लिटर पाण्यात २५ मिली. तो म्हणाला, "काका, यातलं खरं कोणतं?"

दहापट फरक. आम्ही शोध घेतला. चूक कोणी मुद्दाम केली नव्हती, निष्काळजीपणानेही म्हणता येणार नाही. मूळ मजकूर एका जुन्या फॉन्टात टाइप केलेला होता. नंतर कोणीतरी तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला. त्या प्रवासात दशांशाचे टिंब गळाले. कोणत्या संस्थेचे पत्रक होते ते इथे सांगण्याची गरज नाही. त्यांनी कळवल्यावर लगेच दुरुस्त केले. पण पुतण्याजवळ जुना कागद होता म्हणून त्याला शंका आली. ज्याच्याजवळ तो कागद नव्हता, त्याने काय करावे?

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कास्तकार आणि मजूर दगावले, हे आपण सगळे जाणतो. त्याची कारणे वेगळी होती, अनेक होती; त्यांचा या टिंबाशी संबंध आम्ही जोडत नाही. एवढेच म्हणतो, की जिथे औषध आणि आकडा एकत्र येतात तिथे लिहिण्याची पद्धत हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

आता टिंब का गळाले ते बघा. युनिकोडच्या आधी संगणकाच्या फॉन्टात फार तर २५६ खाने असत, आणि त्यातले पहिले इंग्रजीसाठी ठरलेले. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी काय केले, तर इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खान्यांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. डोळ्याला 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी ते कुठले तरी इंग्रजी अक्षर असे. कित्येक फॉन्टांत पूर्णविराम, टक्क्याचे चिन्ह, कंस यांच्या जागीसुद्धा अर्धी अक्षरे होती. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. पण आपल्याकडची छपाई आणि डीटीपीची दुकाने पुढे कितीतरी वर्षे जुन्याच फॉन्टांवर चालली.

थोडक्यात, मजकूर दिसत मराठी होता, पण तो मराठी नव्हता. दिसणे आणि असणे यांच्यातली ही फट म्हणजे आमच्या विषयाचा जुना प्रश्न. मार्कअपचा सगळा वाद याच फटीतून निघतो.

मार्कअप म्हणजे काय, तर समासातल्या खुणा

शब्द ऐकून घाबरू नका. खिळ्यांच्या छापखान्यात हस्तलिखित आले की संपादक त्याच्यावर रंगीत पेन्सिलीने खुणा करी: हे शीर्षक, हे जाड टाइपात, इथे नवा परिच्छेद. कंपोझिटर त्या खुणा वाचून खिळे जुळवी. वाचकाला खुणा दिसत नसत, त्यांचा परिणाम दिसे. मार्कअप म्हणजे हेच. आम्ही तिला खूणभाषा म्हणतो.

संगणकावर ही कल्पना रुजवली आयबीएममधल्या तिघांनी, १९६९ साली. गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी. त्यांच्या भाषेचे नाव जीएमएल. ती तिघांच्या आडनावांचीच आद्याक्षरे आहेत. त्यांचे काम कायद्याच्या कागदपत्रांशी संबंधित होते. त्यांनी जी एक गोष्ट ओळखली ती अशी: खुणेने "हे मध्यभागी, जाड टाइपात घ्या" असे सांगू नये, "हे शीर्षक आहे" एवढेच सांगावे. ते कसे दिसावे हे नंतर, दुसरीकडे ठरवता येते.

पुढचा वंश भराभर सांगतो. जीएमएलपासून एसजीएमएल, ती १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्या घरात टिम बर्नर्स-ली यांची एचटीएमएल वाढली, जिच्यावर सगळे वेब उभे आहे. १९९८ मध्ये एक्सएमएल. तांत्रिक लेखकांसाठी डॉकबुक आणि आयबीएममधून निघालेली डिटा, जी २००५ मध्ये मानक झाली. या भाषा भारदस्त, पण लिहायला जड. मग उलटी लाट आली. २००२ मध्ये ॲस्किडॉक, २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांची मार्कडाउन. यांचे म्हणणे, खुणा इतक्या हलक्या असाव्यात की कच्चा मजकूरही डोळ्याला खुपू नये. दुसऱ्या बाजूला डोनाल्ड नुथ यांची टेक् ही गणिती छपाईची परंपरा. स्वतःच्या ग्रंथाची मुद्रिते पाहून ते इतके नाराज झाले की १९७७ मध्ये त्यांनी अक्षरजुळणीचीच व्यवस्था लिहायला घेतली. त्या परंपरेला आव्हान देणारी टाइप्स्ट ही भाषा २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षांत दर पाच-सात वर्षांनी कोणीतरी येऊन म्हणते, आता ही नवी घ्या. तुम्हाला वैताग येतो तो रास्तच आहे.

गाईचे लक्षण आणि जाड टाइप

आता आम्ही आमच्या दुकानातले एक जुने हत्यार काढतो. न्यायदर्शनात कुठल्याही गोष्टीचे लक्षण, म्हणजे व्याख्या, तपासताना तीन दोष पाहतात. उदाहरण गाईचे. "जिला शिंगे असतात ती गाय" म्हटले तर म्हैसही त्यात येते. ही अतिव्याप्ती. "कपिल रंगाची ती गाय" म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. आणि "जिचा खूर घोड्यासारखा अखंड असतो ती गाय" म्हटले तर एकही गाय सापडत नाही. हा असंभव.

तुमचे एखादे पत्रक या हत्याराने तपासा. जाड टाइपात काय काय आहे? शीर्षक जाड. औषधाचे नाव जाड. "फवारणी करताना तोंडाला फडके बांधा" ही सूचना जाड. शेवटी दूरध्वनी क्रमांक, तोही जाड. एकाच खुणेत चार जाती. अतिव्याप्ती. उलट दुसऱ्या पत्रकात तीच धोक्याची सूचना टाइप करणाऱ्याने चौकटीत घातली, तिसऱ्यात लाल केली, चौथ्यात नुसतीच ठेवली. म्हणजे "जाड ते धोक्याचे" म्हणावे तर निम्म्या सूचना बाहेर राहतात. अव्याप्ती.

यात बिघडते काय? वाचणाऱ्या माणसाचे फारसे नाही. तो संदर्भाने ओळखतो. बिघडते ते बदल करायची वेळ येते तेव्हा. एंडोसल्फान आठवा. कपाशीवर एके काळी सर्रास सांगितले जाई. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर बंदी आणली. आता समजा एका संस्थेजवळ पंधरा-वीस वर्षांची शंभरेक पत्रके आहेत. कुठे नाव इंग्रजीत, कुठे "एण्डोसल्फान", कुठे नुसते व्यापारी नाव. प्रत्येक फाइल उघडा, वाचा, बदला. दोन सुटल्या तर? त्या दोन फायली कुठल्याशा मोबाइलवरून अजून फिरत असतील.

याच जागी खूणभाषा कामाला येते. औषधाच्या नावाला "हे औषध आहे" अशी खूण असेल, मात्रेला "ही मात्रा आहे" अशी खूण असेल, तर ज्या ज्या ठिकाणी ते औषध आहे त्या जागा यंत्र एका आज्ञेत काढून देते. मात्रेच्या खान्यात २५ आले आणि ठरलेली मर्यादा ३ असेल, तर यंत्र अडून बसते. पुतण्याचे टिंब तिथेच पकडले गेले असते. एक्सएमएलमध्ये या खुणांची नावे देवनागरीत ठेवायलाही नियमाची आडकाठी नाही. <इशारा>, <मात्रा>, <पीक> अशी नावे चालतात. हे कळले तेव्हा आम्हाला लहान मुलासारखा आनंद झाला.

पण तिसरा दोष विसरू नका. खुणांची यादी बाहेरून तयार आली की असंभव सुरू होतो. मोठ्या खूणभाषांत शेकडो खुणा असतात, त्या विमानांच्या किंवा संगणकांच्या पुस्तकांसाठी घडलेल्या. आमच्याकडे पेरणी मृगात की आर्द्रात, जमीन खारपाणपट्ट्यातली की भारी काळी, कपाशीत तुरीच्या ओळी किती, हे प्रश्न. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, तिथला ओलिताचा सल्ला अकोटच्या बागायतीला लागू होत नाही. यासाठी तयार यादीत खाना नसतो. मग लेखक नक्षत्र तारखेच्या खान्यात कोंबतो. खाना भरतो, अर्थ निघून जातो.

रिद्धपूरचे दोन धडे

आता थोडे मागे जाऊ, कारण हा प्रश्न वऱ्हाडात पहिल्यांदा पडतो आहे असे नाही. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांचे तीर्थक्षेत्र, मराठी गद्याचे माहेर. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही झाले आहे. त्या गावाच्या परंपरेत आमच्या प्रश्नाची दोन उत्तरे ठेवलेली आहेत.

पहिले उत्तर केशिराजबासांचे. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी श्रीचक्रधरांच्या वचनांची आणि दृष्टांतांची मांडणी केली. त्यांच्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाचे तीन भाग: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सिद्धांत. दृष्टांत म्हणजे व्यवहारातली गोष्ट. दार्ष्टांतिक म्हणजे गोष्ट सिद्धांताला कशी लागू पडते त्याचा उलगडा. हे साचे कागद सुंदर दिसावा म्हणून नाहीत. कुठला भाग काय काम करतो हे त्यातून कळते. पाठ करणाऱ्याला भाग सुटला तर लगेच जाणवेल. आजचे तांत्रिक लेखक ज्याला घटकशः लेखन म्हणतात, एक घटक संकल्पनेचा, एक कृतीचा, एक संदर्भाचा, ते याहून फार वेगळे नाही.

आणि याच परंपरेत एक आठवण सांगतात. केशिराजबास संस्कृतचे जाणकार. पण नागदेवाचार्यांनी त्यांना मराठीतच लिहायला सांगितले, कारण संस्कृतात लिहिले तर साधीसुधी माणसे, बायाबापड्या वंचित होतील. नवी भाषा घेताना विचारायचा प्रश्न हाच आहे: हिच्यामुळे कोण बाहेर राहील?

दुसरे उत्तर सकळ लिपीचे. पुढच्या काळात आपले ग्रंथ जपावेत, पाठ बिघडू नयेत म्हणून महानुभावांनी सांकेतिक लिप्या वापरल्या. त्यातली सकळ लिपी मुख्य. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, असा तिचा संकेत. मजकूर राहिला, उत्तम राहिला. पण पंथाबाहेरच्या अभ्यासकांना शेकडो वर्षे तो वाचताच आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी संकेत उलगडला, आणि मराठीचा एवढा मोठा ठेवा आहे हे तेव्हा सगळ्यांना कळू लागले. पुढे विदर्भातल्याच वि. भि. कोलत्यांनी संपादलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये छापून आले.

यात पंथाला दोष देण्याचा हेतू नाही. उलट त्यांनी किल्ली पिढ्यान्पिढ्या सांभाळली, म्हणून तर कुलूप उघडता आले. आता आपल्याकडे बघा. आमचा पीएचडीचा प्रबंध टंकलेखन यंत्रावरचा. कागद पिवळा पडलाय, पण आजही कोणीही वाचू शकतो. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी आम्ही राजकमल चौकाजवळच्या एका दुकानातून न्यायशास्त्राची टिपणे टाइप करून घेतली. फाइल पेजमेकरची, फॉन्ट त्या वेळचा. आज ती उघडत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. पेजमेकर मिळाले तर फॉन्ट नाही, फॉन्ट मिळाला तर पेजमेकर नाही. आमच्याच टिपणांना दुहेरी सकळ लिपीचे कुलूप, आणि किल्ली सांभाळणारा पंथ नाही.

केशिराजबासांनी भागांना नाव दिले. सकळ लिपीने अक्षरांना पडदा घातला. खूणभाषा निवडताना पहिले हवे, दुसरे नको. आमचे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे.

मराठीची स्वतःची अडचण

जड भाषांचे दोष सांगितले, तर हलक्या भाषांचेही सांगायला हवेत. मार्कडाउन शिकायला अर्धा तास पुरतो, हे खरे. आम्ही सत्तरी ओलांडलेली माणसे, आम्हालाही जमले. पण मराठी लिहू लागलो आणि ठेच लागली.

पहिली ठेच विभक्तीची. इंग्रजीत शब्द सुटा उभा असतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. समजा 'बीटी' हा शब्द ठसवायचा आहे आणि पुढे 'चा' लागला आहे. शब्दाच्या दोन्ही बाजूंना अधोरेघ दिली, की कॉमनमार्कच्या नियमाप्रमाणे, म्हणजे मार्कडाउनचे नियम नेमके करणारी जी संहिता २०१४ मध्ये आली तिच्याप्रमाणे, ठसा उमटत नाही. अधोरेघा तशाच कागदावर दिसतात. कारण संगणकाच्या आज्ञांत शब्दांमध्ये अधोरेघा असतात, त्या बिघडू नयेत म्हणून नियम तसा केला. अधोरेघेऐवजी तारका दिल्या तर चालते. पण तारकांच्या आत शब्द अवतरणचिन्हांत असेल आणि बाहेर 'चा' चिकटला असेल, तर पुन्हा फसते. प्रत्यय तोडून लिहिला तर यंत्र खूश, पण मराठी चुकली.

दुसरी ठेच आकड्यांची. क्रमाने पायऱ्या लिहिताना यंत्र फक्त इंग्रजी आकडा आणि टिंब ओळखते. तुम्ही देवनागरी १, २, ३ लिहून ओळीखाली ओळ दिली, तर यंत्राला ती यादी वाटतच नाही; सगळ्या पायऱ्या एका परिच्छेदात सलग वाहतात. निंबोळी अर्काचेच घ्या. ५ टक्के अर्कासाठी १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी. आधी कुटायची, रात्रभर भिजवायची, मग गाळायची, मग फवारायची. हा क्रम एका दमात वाचायची पाळी आली तर वावरात उभ्या माणसाने काय करावे? यावर तोडगा आहे. कच्च्या मजकुरात इंग्रजी आकडे ठेवा, आणि छापताना यादीचे आकडे देवनागरीत दाखवा असे शैलीपत्रकाला सांगा. वेबच्या शैलीपत्रकात ती सोय आहे. पुन्हा तेच: ही पायरी आहे एवढे खुणेने सांगावे, आकडा कसा दिसावा ते नंतर.

तिसरी गोष्ट. मूळ मार्कडाउनमध्ये एक मजकूर दुसऱ्या फाइलीतून आणून जोडायची सोय नाही. ॲस्किडॉकमध्ये आहे, डिटामध्ये आहे. तुमची धोक्याची सूचना चाळीस पत्रकांत तीच असेल, तर ती एकदाच लिहून चाळीस ठिकाणी जोडलेली हवी. एका ठिकाणी बदल, चाळीस ठिकाणी बदल.

तर मग, घ्यावी का?

आता टाळाटाळ पुरे. आमचे उत्तर तीन पायऱ्यांत आहे.

पहिली पायरी सर्वांसाठी, आणि तिला नवी भाषा लागत नाही. आजपासून एकही शब्द युनिकोडशिवाय लिहू नका. आणि वर्डमध्येच लिहीत असाल तर शीर्षक हाताने जाड करू नका. 'शीर्षक' ही शैली वापरा. इशाऱ्यासाठी 'इशारा' नावाची शैली बनवा. वर्डची आजची फाइल आतून एक्सएमएलच्या फायलींचे गाठोडेच असते. तुम्ही दिलेले नाव तिच्यात टिकते. नाव दिले नाही तर नवी भाषा आणूनही काही मिळणार नाही. ज्याने वर्डमध्ये सगळे जाड केले तो मार्कडाउनमध्येही सगळे जाडच करील.

दुसरी पायरी एकट्या लेखकासाठी. तुम्ही वर्षाला चार-सहा पुस्तिका लिहीत असाल, छपाईला आणि वेबला तोच मजकूर द्यावा लागत असेल, तर हलकी भाषा घ्या. मार्कडाउन किंवा ॲस्किडॉक. कच्ची फाइल नोटपॅडमध्येही वाचता येते. उद्या ती भाषा मेली तरी मजकूर मरत नाही. तिथून दुसरीकडे जायला पॅन्डॉक नावाचे मोफत साधन आहे. ते ज्यांनी लिहिले ते जॉन मॅकफार्लेन बर्कलेला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. कॉमनमार्कच्या कामातही तेच पुढे होते. म्हणजे आमच्या धंद्यातला माणूस अगदीच निरुपयोगी नसतो!

तिसरी पायरी संस्थांसाठी. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे. अशा जुन्या संस्थांजवळ दरवर्षी बदलणाऱ्या शिफारशींचा डोंगर असतो. तिथे बांधेसूद खूणभाषा हवीच. पण खुणांची यादी विकत आणू नका, आधी स्वतः करा. पीक, वाण, जमीन, नक्षत्र, औषध, मात्रा, इशारा. पंधरा-वीस खुणा पुरतात. प्रत्येक खूण गाईच्या लक्षणासारखी तपासा: हिच्यात नको ते येते का, हवे ते सुटते का, ही कशालाच लागत नाही असे तर नाही ना? ती यादी हातात आली की मग ठरवा, ती डिटावर बसवायची की ॲस्किडॉकवर. आणि विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तुमची कंपनी बंद पडली तर आमचा मजकूर आम्हाला साध्या अक्षरांत मिळेल का? तो घुटमळला तर चहा पाजा आणि निरोप द्या.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*सर, टाइप करणारी मुले महिन्याच्या पगारावर असतात. त्यांना हे नवे झेंगट कशाला?*

तुमची काळजी बरोबर आहे. नागदेवाचार्यांचा प्रश्न तुम्हीच विचारलात: कोण बाहेर राहील? म्हणून खुणा मराठीत ठेवा, थोड्या ठेवा. शिकायला दिलेला वेळ पगारातला धरा. आणि एक लक्षात घ्या, आज ती मुले काय करतात? तीच सूचना चाळीस फायलींत चिकटवतात. तो त्रास त्यांनाच आहे, आणि चूक झाली की बोलणीही त्यांनाच बसतात. खूणभाषेने त्यांचे काम हलके झाले नाही, तर ती घेऊ नका.

*आता यंत्रबुद्धी आली आहे. ती नुसत्या मजकुरावरून औषध कोणते, मात्रा कोणती ते ओळखेल. मग खुणा कशाला?*

ओळखेल, बहुतेक वेळा बरोबर ओळखेल. पण आमच्या शास्त्रात अनुमान आणि आप्तवाक्य ही दोन वेगळी प्रमाणे आहेत. धूर पाहून अग्नी आहे म्हणणे हे अनुमान. जाणत्या, विश्वासू माणसाने स्वतः सांगणे हे आप्तवाक्य. यंत्र २५ मिली वाचून "ही मात्रा असावी" असे अनुमान करील. "ही मात्रा आहे, मी तपासली आहे" असे लेखकच म्हणू शकतो. खूण म्हणजे लेखकाची सही आहे. ती दुसऱ्याला करता येत नाही.

वेळ झाली आहे. पुतण्याची गोष्ट अर्धवट राहिली, ती सांगून थांबतो. तो जुना छापील कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोठ्यात खुंटीला लावून ठेवला आहे. मोबाइलवर काहीही आले की आधी त्या कागदाशी ताडून पाहतो. आम्ही म्हटले, "अरे, दुरुस्त पत्रक आलं ना आता?" तो म्हणाला, "आलं न काका. पण भरवसा कोणाचा ठेवावा?"

तो कागद त्याला खुंटीवरून काढून ठेवता यावा, एवढे आपण केले तरी पुष्कळ झाले.